पत, नोटा आणि जर्मन नावं : मिलवॉकीच्या बँकांची पार्श्वभूमी

विस्कॉन्सिन अजून राज्य झालेलं नव्हतं, नुसता प्रदेश होता, तेव्हा तिथे 'बँक' हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. १८३७ च्या मंदीत अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या बँका पटापट बुडाल्या, पाठोपाठ विस्कॉन्सिनमधल्याही. बँकेला टाळं लागलं की तिच्या नोटांची रद्दी होत असे. नोटा सरकारच्या नव्हत्या. जी ती बँक आपापल्या छापायची. म्हणून प्रदेशाच्या विधिमंडळाने पुढे सनद देताना खबरदारी घेतली : कंपनी काढा, पण बँकेचा धंदा करायचा नाही.

त्याच अटीवर १८३९ मध्ये या प्रदेशातल्या मिलवॉकी गावात एक विमा कंपनी निघाली. मालक जॉर्ज स्मिथ, स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायरचा. हिशेब आणि कारभार पाहायला त्याने गावाकडचाच एक तरुण आणला, ॲलेक्झांडर मिचेल, वय एकवीस-बावीस. कंपनीचं नाव लांबलचक : विस्कॉन्सिन मरीन अँड फायर इन्शुरन्स कंपनी. जहाजांचा आणि आगीचा विमा. पण सनदेत ठेवी घ्यायची आणि कर्ज द्यायची मुभा होती, आणि ठेव घेतली की पावती द्यावी लागते. स्मिथने पावत्या छापून घेतल्या. अमुक डॉलर जमा, ही पावती परत आणून देईल त्याला तेवढे डॉलर मिळतील. एक डॉलरची पावती, पाच डॉलरची पावती. आपल्याकडची दर्शनी हुंडी माहीत असणाऱ्याला यातली मेख लगेच कळेल. पावती हातोहात फिरू लागली, गहू तिच्यावर विकला जाऊ लागला, मजुरी तिच्यात दिली जाऊ लागली. नोट म्हणायचं नाही, एवढंच.

विधिमंडळाने चिडून १८४६ मध्ये सनदच रद्द केली. स्मिथ आणि मिचेल यांनी तिकडे लक्षही दिलं नाही. कंपनी चालूच राहिली, कारण पावती घेऊन कुणीही गेलं तर गल्ल्यावरून सोन्याचांदीचं खणखणीत नाणं मिळत होतं. १८४९ च्या थँक्सगिव्हिंगला अफवा उठली आणि पावत्या वटवायला झुंबड उडाली, तेव्हाही मिचेलने सगळ्यांचे पैसे चुकते केले. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा चौदा-पंधरा लाख डॉलरच्या पावत्या लोकांच्या खिशात होत्या, तेही बँक नसलेल्या बँकेच्या. मराठीत 'पत' या शब्दात कर्ज आणि अब्रू दोन्ही येतात. स्मिथच्या पावत्या नेमक्या त्या दुहेरी अर्थावर चालत होत्या. तिथली पुढची सत्तर वर्षं समजून घ्यायला हाच शब्द हाताशी ठेवलेला बरा. मिलवॉकीत कायद्यापेक्षा आणि भांडवलापेक्षा दारावर कुणाचं नाव आहे यावर लोक जास्त भरवसा ठेवत आले. ते नावच अडचणीचं झालं तेव्हा काय घडलं, ते पुढे येईलच.

या सगळ्यात जर्मन माणूस कुठून आला? जहाजातून आला, आणि शेकड्यांनी आला. १८३९ मध्ये प्रशियाच्या राजाने लादलेली चर्चची व्यवस्था न मानणारे जुन्या वळणाचे लुथरन पोमेरेनियातून आले. मग बवेरिया, हेस, ऱ्हाइनलँड, मेक्लेनबुर्ग इथले सुतार, शिंपी, चांभार, गवंडी, शेतकरी आले. १८४८ ची क्रांती फसल्यावर तिच्यातले वकील, पत्रकार, शिक्षक आले. संख्येने हे थोडे होते, पण वर्तमानपत्रं आणि व्यासपीठं त्यांच्या हातात गेली, त्यामुळे इतिहासात तेच जास्त दिसतात. विस्कॉन्सिनलाही माणसं हवीच होती. नागरिक व्हायचा इरादा जाहीर करून एक वर्ष राहिलेल्या परदेशी पुरुषाला राज्याने मतदानाचा हक्क दिला, आणि १८५२ मध्ये तर न्यूयॉर्कच्या बंदरात उतरणाऱ्यांना गाठून विस्कॉन्सिनची वाट दाखवायला एक अधिकारी नेमून ठेवला. १८५० मध्ये मिलवॉकीची वस्ती वीस हजार होती, दहा वर्षांत ती पंचेचाळीस हजारांवर गेली. नदीच्या पश्चिमेला, जुन्या किलबर्नटाउनच्या बाजूला, नुसती जर्मन ऐकू यायची. लोक शहराला 'डॉइच-आथेन' म्हणत, जर्मनांचं अथेन्स.

या नव्या मतदारांना कागदी पैशाचा तिटकारा होता. बहुतेक जण डेमोक्रॅटिक पक्षाचे आणि नाण्याच्या बाजूचे. हातावर पोट असणाऱ्याला नोटेचं गणित नेहमी उलटंच पडायचं. मालक मजुरी द्यायला दूरच्या बँकेच्या, बट्ट्याने मिळणाऱ्या नोटा शोधून आणणार आणि वाणी त्याच नोटेवर आणखी कसर कापणार. मधला तोटा मजुराच्या वाट्याला. राज्यघटनेचा १८४६ चा पहिला मसुदा तर बँकांवर सरसकट बंदी घालणारा होता. तो मतदारांनी फेटाळला, त्याला इतरही कारणं होती. विवाहित स्त्रियांना मालमत्तेचा हक्क देणारं कलमही त्यात होतं आणि त्यावरही बराच गदारोळ झाला होता. १८४८ च्या घटनेने बँकांचा निर्णय लोकांच्या मतावर सोपवला. १८५२ च्या सार्वमतात बँकांचा कायदा मंजूर झाला आणि पुढच्याच वर्षी मिचेल सांभाळत असलेल्या विमा कंपनीने रीतसर बँकेचा परवाना घेतला. नावातला 'इन्शुरन्स' मात्र त्याने काढला नाही. लोकांना ते नाव पाठ होतं, कशाला बदलायचं?

नव्या कायद्यातली युक्ती कागदावर छान दिसत होती. नोटा छापायच्या तर बँकेने तेवढ्या किमतीचे सरकारी रोखे राज्याच्या बँक-नियंत्रकाकडे तारण ठेवायचे. बँक बुडाली तर रोखे विकून नोटाधारकांचे पैसे द्यायचे. अडचण एकच होती. रोखे कोणत्या राज्याचे असावेत यावर फारसा निर्बंध नव्हता, आणि बँकवाले साहजिकच कमी भावात जास्त व्याज देणारे रोखे घेत. ते होते मिसुरी, टेनेसी, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना अशा दक्षिणेकडच्या, गुलामगिरी असलेल्या राज्यांचे. शिवाय काही बँकवाल्यांनी आपलं कार्यालय मुद्दाम उत्तरेच्या जंगलात, जिथे धड रस्ता नाही अशा ठिकाणी दाखवलं, म्हणजे नोट वटवायला कुणी फिरकूच नये. शंभरावर बँका झाल्या. १८६१ उजाडलं तेव्हा विस्कॉन्सिनच्या नोटांमागच्या तारणाचा मोठा भाग फुटून निघायच्या बेतात असलेल्या राज्यांच्या कागदांचा होता.

एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, उत्तर आणि दक्षिणेतलं यादवी युद्ध सुरू झालं आणि हे रोखे गडगडले. नियंत्रकाने बँकांना तारण वाढवायला सांगितलं, बऱ्याच बँकांना ते जमलं नाही. मग मिलवॉकीच्या बँकवाल्यांनी आपसात बसून यादी केली : या बँकांच्या नोटा आम्ही घेऊ, त्या घेणार नाही. ज्यांच्या घेऊ त्यांच्याबद्दल लोकांना आश्वासन दिलं. जून महिन्यात, आश्वासन ताजं असतानाच, त्यांनी त्या यादीतून आणखी दहा बँका एका झटक्यात काढून टाकल्या. बातमी शहरात पसरली ती शनिवारी, आठवड्याचा पगार वाटून झाल्यावर. रविवारी गावातल्या कित्येक जर्मन घरांत सहा दिवसांच्या घामाचे पैसे टेबलावर होते आणि त्यांचं काहीच येत नव्हतं.

सोमवारी, २४ जूनला, मिरवणूक निघाली. हो, मिरवणूकच, पुढे बँड लावून. जर्मन कामगारांचा राग असाही शिस्तीत सुरू झाला, हे मला फार खरं वाटतं. पुढे शिस्त राहिली नाही. मिशिगन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बँका एकमेकींना खेटून होत्या. महापौर जेम्स ब्राउन समजवायला पुढे आले, त्यांचं कुणी ऐकलं नाही. दगड सुटले, काचा गेल्या, जमाव मिचेलच्या बँकेत घुसला. खुर्च्या, टेबलं, कागदपत्रं रस्त्यावर आली आणि तिथेच त्यांची होळी झाली. शेवटी युद्धासाठी जमवलेल्या स्वयंसेवकांच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या आणि त्यांनी संगिनी रोखून रस्ता मोकळा केला. म्हणजे दक्षिणेशी लढायला निघालेल्या सैनिकांची पहिली चाल आपल्याच गावच्या कामगारांवर झाली, आणि भांडण होतं तेही दक्षिणेच्या कागदांमुळेच.

यात गंमत अशी की मिचेल त्या दिवशी सगळ्यात जास्त झोडपला गेला, पण त्याच्या स्वतःच्या पावत्यांवर वीस वर्षांत कुणाचा एक सेंट बुडाला नव्हता. तो इतरांच्या नोटा नाकारणाऱ्यांत होता आणि गावातला सगळ्यात मोठा बँकवाला होता. एवढं पुरलं.

तडजोड झाली ती युद्धाच्या सोयीने. विस्कॉन्सिन राज्याला पलटणी उभ्या करायला पैसा हवा होता आणि त्याचे युद्धरोखे बाहेर कुणी घेत नव्हतं. बँकांनी ते घ्यायचे आणि दक्षिणेचे रोखे काढून त्यांच्या जागी हे तारण ठेवायचे असं ठरलं. पुढे वॉशिंग्टनने १८६३-६४ च्या राष्ट्रीय बँक कायद्यांनी एकसारख्या नोटा आणल्या आणि १८६५ मध्ये राज्य बँकांच्या नोटांवर दहा टक्के कर बसवला. त्यानंतर गावोगावच्या नोटा आपोआप नाहीशा झाल्या.

जाता जाता. त्याच युद्धाने अमेरिकेचा कापूस अडकला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद, बॅकबेचे शेअर, रातोरात निघालेल्या वित्तकंपन्या हे सगळं १८६१ ते ६५ मधलं. मिलवॉकीचा कागद युद्ध सुरू होताच फाटला, मुंबईचा युद्ध संपताच, आणि बँक ऑफ बॉम्बे त्यातच गेली. कापसाचे भाव उतरल्यावर कर्जात रुतलेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या. लढाई एकच होती, होळ्या मात्र दोन ठिकाणी पेटल्या.

पुन्हा मिलवॉकीकडे. दंग्याआधीच, १८५० च्या दशकात, नदीच्या पश्चिमेला सेकंड वॉर्डात एक छोटी बँक निघाली होती. नाव साधंच, सेकंड वॉर्ड बँक. वॉर्डाचं नाव तेच बँकेचं. हा वॉर्ड जर्मन होता आणि गिऱ्हाईकही. तिचा एक चालक विल्यम जेकब्स. युद्धात जर्मनांची म्हणून जी सव्वीसावी विस्कॉन्सिन पलटण उभी राहिली, तिचा पहिला कर्नल हाच. बँकवाला आणि कर्नल एकच माणूस, ही गोष्ट त्या वेळच्या ठेवीदाराला किती धीर देणारी असेल! मिशिगन स्ट्रीटच्या बँकवाल्याशी तुमची ओळख खिडकीतून व्हायची. याला तुम्ही गाण्याच्या मंडळात, टर्नर या जर्मन व्यायामसंघाच्या आखाड्यात, बीअरच्या बागेत भेटायचात.

पण सेकंड वॉर्डला मोठं केलं ते बीअरवाल्यांनी. शहर तिला 'ब्रुअर्स बँक' म्हणू लागलं. व्हॅलेंटाइन ब्लाट्झ तिचा अध्यक्ष होता, बेस्ट आणि श्लिट्झ कारखान्यांची माणसं तिच्या कारभारात होती, पुढे श्लिट्झचे वारस उइलाइन बंधू आले. योझेफ श्लिट्झ स्वतः मुळात हिशेबनीस होता. आउगुस्ट क्रूगच्या बीअर कारखान्यात वह्या लिहायला लागला, क्रूग १८५६ मध्ये वारला, श्लिट्झने कारखाना सांभाळला, त्याच्या विधवेशी लग्न केलं आणि पाटीवर आपलं नाव लावलं. १८७५ मध्ये मायदेशी भेटीला जाताना 'शिलर' नावाचं जहाज इंग्लंडजवळच्या सिली बेटांपाशी बुडालं, त्यात तो गेला. कारखाना क्रूगच्या भाच्यांकडे गेला, तेच उइलाइन.

बीअरवाल्याला आपली बँक का लागते, हे जरा उलगडून सांगायला हवं. हे लोक लागर बनवत. लागर म्हणजे थंडीत महिनोन् महिने साठवून मुरवलेली बीअर. शरदात बार्ली आणि हॉप्स येतात, पैसे तेव्हा रोख मोजायचे. हिवाळ्यात नदी आणि तळी गोठली की करवतीने बर्फाच्या लाद्या कापून कोठारं भरायची, म्हणजे आणखी मजुरी. माल मुरतोय, पैसा अडकलाय, आणि विक्रीचा खरा हंगाम उन्हाळ्यात. मधले सहा-आठ महिने कुणीतरी कर्ज द्यायला हवं, आणि ते देणाऱ्याला मुरणाऱ्या बीअरचं तारण समजायला हवं. कोठारात काय आहे, किती आहे, चव बिघडली का, हे स्कॉटिश किंवा यांकी बँकवाला कसं ठरवणार? जर्मन बीअरवालाच दुसऱ्या बीअरवाल्याची पत ओळखणार. त्यातच पुढे कारखाने गुत्त्यांना पैसा पुरवू लागले. परवान्याची फी, काउंटर, आरसे, टेबलं यांसाठी कारखान्याने उसने द्यायचे आणि गुत्तेवाल्याने त्याच कारखान्याची बीअर विकायची. हा सगळा कर्जाचा जाळीदार पसारा कुठेतरी वहीत बसवावा लागतोच. एका बाजूला कारखान्यांचं कर्ज, दुसऱ्या बाजूला कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या बचतीच्या ठेवी, दोन्ही एकाच बँकेत. याला स्वावलंबन म्हणावं की एकाच टोपलीतली अंडी, हे मंदी आल्यावर कळतं.

मंदी आली १८९३ मध्ये. जूनच्या सुरुवातीला प्लँकिंटन बँक बंद पडली. एका फर्निचर कंपनीला तिने ताकदीबाहेर कर्ज दिलं होतं. मग रांगा लागल्या, आणखी बँका गेल्या, आणि जुलैमध्ये ज्याची कल्पना कुणी केली नव्हती ते झालं : मिचेलची विमा नावाची बँक बंद पडली. म्हातारा मिचेल १८८७ मध्ये वारला होता. मुलगा जॉन तेव्हा अमेरिकेचा सिनेटर. चोपन्न वर्षं जे नाव सोन्यासारखं वटत होतं, त्याच्या दारावर कागद चिकटवलेला लोकांनी पाहिला. कुटुंबाने आणि संचालकांनी स्वतःच्या मालमत्ता घालून ठेवीदारांचे पैसे फेडले आणि बँक पुन्हा उघडली. बीअरवाल्यांची बँक त्या उन्हाळ्यात टिकली. लोक मंदीतही बीअर पितात, हे एक कारण असावं असा माझा आपला अंदाज.

तोवर मिलवॉकी दोन लाखांचं शहर झालं होतं. दर चार माणसांत एक प्रत्यक्ष जर्मनीत जन्मलेला, आणि मुलं-नातवंडं धरली तर निम्म्याहून जास्त शहर जर्मन. जर्मन असणं आता वॉर्डापुरतं राहिलं नाही, ते शहराच्या मध्यावर येऊन उभं राहिलं. बीअरवाल्या फ्रेडरिक पाब्स्टने १८९२ मध्ये निघालेल्या विस्कॉन्सिन नॅशनल बँकेत पुढाकार घेतला. १८९६ मध्ये गेऑर्ग ब्रुमडरने आठ मजली जर्मेनिया बिल्डिंग बांधली. ब्रुमडर आल्सेसचा, १८५७ मध्ये आलेला. त्याने आधी पुस्तकांचं दुकान काढलं, मग जर्मन वर्तमानपत्रांचा मोठा छापखाना. इमारतीच्या छतावर तांब्याचे घुमट, टोक असलेले, हुबेहूब प्रशियन शिरस्त्राणासारखे. गाव त्यांना कैसरची शिरस्त्राणं म्हणायचं. दरवाजावर जर्मेनिया देवीचा ब्राँझचा पुतळा, वजन तीन टन. पुढे जर्मेनिया नावाची नॅशनल बँकही आली, ब्रुमडर तिचा अध्यक्ष. शहरातल्या बीअरवाल्यांना आणि छापखानेवाल्यांना हे नाव दारावर लावताना पत वाढल्यासारखी वाटत होती, आणि ते खोटंही नव्हतं.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. ग्रँड अव्हेन्यूवरचा म्हाताऱ्या मिचेलचा प्रचंड वाडा, बाग आणि बागेतल्या नक्षीदार लाकडी मंडपासकट, 'डॉइचर क्लब'ने घेतला. १८६१ मध्ये ज्याच्या बँकेच्या खुर्च्या जर्मनांनी जाळल्या, त्याच्या दिवाणखान्यात आता श्रीमंत जर्मन जेवू लागले.

१९११ ते १३ मध्ये सेकंड वॉर्ड सेव्हिंग्ज बँकेने नदीजवळच्या कोपऱ्यावर नवी इमारत बांधली, वास्तुशिल्पी किर्शहोफ आणि रोझ. बीअरच्या पैशाने काय उभं राहू शकतं ते पाहायचं तर ही इमारत पाहावी. बाहेर दगडी भारदस्तपणा, आत संगमरवर आणि उंच दालन, आणि तिजोरीचं पोलादी दार इतकं जाड की उघडं असलं तरी धाक वाटावा. वॉर्डातली छोटी बँक आता बँकेसारखी दिसू लागली होती.

आणि लगेचच युद्ध आलं. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये जर्मनीविरुद्ध उतरली. जर्मन शाळा, जर्मन प्रवचनं, जर्मन नाटकं सगळ्यांवर संशय. आल्सेसचा ब्रुमडर १९१० मध्येच वारला होता, त्याला हे पाहावं लागलं नाही. १९१८ मध्ये जर्मेनिया देवीचा पुतळा दारावरून उतरवला गेला, इमारत ब्रुमडर बिल्डिंग झाली आणि जर्मेनिया नॅशनल बँकेची नॅशनल बँक ऑफ कॉमर्स झाली. बँकेची तिजोरी तीच, कारकून तेच, कर्जदार तेच. घुमट मात्र राहिले; शिरस्त्राणाला नाव लिहिलेलं नव्हतं. डॉइचर क्लबचा विस्कॉन्सिन क्लब झाला. सेकंड वॉर्डला काही बदलावं लागलं नाही. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी आळसाने किंवा अक्कलहुशारीने बँकेला वॉर्डाचं नाव दिलं होतं, ते असं कामी आलं.

पण सेकंड वॉर्डला खरा घाव दुसरीकडून बसला. जानेवारी १९२० मध्ये दारूबंदी लागू झाली. पाब्स्टने चीज केलं. श्लिट्झच्या उइलाइनांनी चॉकलेटचा कारखाना काढला आणि त्याचं नाव 'ईलाइन' ठेवलं, म्हणजे आडनावाचा उच्चार, फक्त इंग्रजी तोंडाला सोपा. चॉकलेट चाललं नाही, १९२८ मध्ये ते बंद झालं. त्याच वर्षी सेकंड वॉर्ड सेव्हिंग्ज बँक फर्स्ट विस्कॉन्सिन या मोठ्या बँकेत विलीन झाली. फर्स्ट विस्कॉन्सिन ही पाब्स्टच्या विस्कॉन्सिन नॅशनल आणि जुन्या फर्स्ट नॅशनलच्या एकत्रीकरणातून १९१९ मध्ये झालेली.

सेकंड वॉर्डच्या त्या इमारतीत आज मिलवॉकी काउंटी हिस्टॉरिकल सोसायटी आहे, तिजोरीचं दार अजून जागेवर आहे. ब्रुमडर बिल्डिंगला १९८० च्या दशकात पुन्हा जर्मेनिया म्हणायला सुरुवात झाली आणि कुणी हरकत घेतली नाही. क्लबने मात्र जुनं नाव परत घेतलं नाही. मिचेलच्या वाड्यात तो विस्कॉन्सिन क्लब म्हणूनच आहे, आणि बागेत तो लाकडी मंडपही.